बार्बाडोसचा धागासाप : जगातला सर्वांत छोटा साप



२९ जून २०२४ची रात्र आठवतेय ना? टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. शेवटच्या षटकात सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर तो झेल घेतला आणि आपण दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवलं. सामना संपल्यावर रोहित शर्मा खेळपट्टीजवळ खाली बसला, तिथला मातीचा कण चिमटीत धरला आणि तोंडात टाकला. ते दृश्य तुम्ही मोबाईलवर दहा वेळा तरी पाहिलं असेल.

ते मैदान होतं ब्रिजटाउन शहरातलं केन्सिंग्टन ओव्हल आणि देश होता बार्बाडोस. आजचा आपला पाठ त्याच बेटाच्या मातीबद्दल आहे. त्या मातीत, जंगलातल्या दगडांखाली एक साप राहतो. आजवर माहीत झालेल्या सापांमधला तो सर्वांत छोटा. जवळपास २० वर्षं तो कोणाला दिसलाच नव्हता, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याचं नाव 'हरवलेल्या' प्राण्यांच्या यादीत घातलं होतं. २०२५मध्ये तो पुन्हा सापडला. पण तो तोच आहे की दुसरा कोणी, हे ठरवायला सूक्ष्मदर्शक लागला. कारण त्याच्यासारखाच दिसणारा एक पाहुणा त्या बेटावर आधीच येऊन राहिला होता. आणि तो पाहुणा आपल्या ओळखीचा आहे! कोण, ते पुढे कळेलच.

बेट केवढं, साप केवढा?

नकाशा उघडा. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या मध्ये कॅरिबियन समुद्र आहे. त्याच्या पूर्वेला लहानलहान बेटांची एक माळ दिसते. या माळेच्याही थोडं पूर्वेला, अटलांटिक महासागरात, एक ठिपका एकटाच उभा आहे. तोच बार्बाडोस. या बेटाचं क्षेत्रफळ साधारण ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या मुंबई शहर-उपनगरांएवढं. बेटाचा बराचसा भाग प्रवाळांपासून बनलेल्या चुनखडीचा आहे.

आता साप. इंग्रजीत त्याला 'बार्बाडोस थ्रेडस्नेक' म्हणतात. थ्रेड म्हणजे धागा, म्हणून आपण त्याला 'धागासाप' म्हणूया. त्याची थोडक्यात ओळख अशी :

• शास्त्रीय नाव : टेट्राकायलोस्टोमा कार्ली
• पूर्ण वाढलेल्या सापाची लांबी : सुमारे १० सेंटीमीटर
• जाडी : शिजवलेल्या शेवईएवढी
• रंग : गडद तपकिरी, पाठीवर फिकट पिवळसर रेघा
• खाणं : मुंग्या आणि वाळवी यांची अंडी-अळ्या
• विष : नाही
• अंडी : एका वेळी फक्त एक
• घर : बार्बाडोस. जगात दुसरीकडे कुठेही नाही.

पट्टी घ्या आणि वहीत १० सेंटीमीटरची रेघ मारा. झाला साप! वेटोळं करून बसला तर आपल्या दहा रुपयांच्या नाण्यावर मावेल. जगात सापांच्या ४००० हून जास्त जाती आहेत. जाळीदार अजगर सहा मीटरच्या पुढे जातो, तोही सापच आणि हाही सापच. कणा, बरगड्या, फुप्फुस, हृदय, यकृत, सगळं त्या शेवईएवढ्या जाडीत बसवलेलं आहे.

नाव मिळालं २००८ साली

तुम्हाला वाटेल, एवढ्या लहान बेटावरचा प्राणी माणसांना पहिल्यापासून माहीत असणार. पण तसं झालं नाही. हा साप अधूनमधून कोणाला तरी सापडत होता. १८८९पासून त्याच्या खात्रीच्या नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. संग्रहालयात जे काही नमुने बरणीत ठेवले होते, त्यांच्यावर दुसऱ्याच जातीचं नाव लिहिलेलं होतं. म्हणजे साप बरणीत होता, बरणी फडताळात होती, पण तो कोण आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

अमेरिकेतले शास्त्रज्ञ ब्लेअर हेजेस यांनी २००६मध्ये बार्बाडोसच्या जंगलात दगड उलटून पाहिले. त्यांना असे साप मिळाले. आजूबाजूच्या बेटांवरच्या सापांशी त्यांची तुलना केली, खवले मोजले, डीएनए तपासलं. तेव्हा लक्षात आलं की ही वेगळी जात आहे. २००८मध्ये त्यांनी तसा शोधनिबंध प्रसिद्ध केला. या शोधमोहिमेत त्यांच्यासोबत असलेल्या त्यांच्या पत्नी कार्ला हास यांच्यावरून जातीला 'कार्ली' हे नाव दिलं.

म्हणजे बघा, नाव मिळालं तेव्हाच हा साप दुर्मीळ होता. परीक्षेच्या भाषेत सांगायचं तर हजेरीपटावर नाव लागलं आणि विद्यार्थी शाळेतून गायब झाला!

जमिनीखाली राहायचं म्हणजे काय काय लागतं?

जमिनीखाली राहणाऱ्या प्राण्याच्या अंगावर त्याच्या घराची खूण असते. धागासापाकडे पाहिलं की ही गोष्ट सहज समजते.

त्याला मान नाही. डोकं आणि शेपूट जवळपास एकसारखी जाड, त्यामुळे पटकन कळतच नाही की तोंड कुठलं. मातीतून वाट काढताना रुंद डोकं अडकलं असतं. अंगावरचे खवले गुळगुळीत आणि चमकदार असतात, त्यामुळे माती चिकटत नाही आणि घर्षण कमी होतं. इतर सापांना पोटाखाली रुंद आडवे खवले असतात, त्यांच्या मदतीने ते सरपटतात. याला ते नाहीत. पाठ आणि पोट, दोन्हीकडे सारखेच खवले.

डोळे आहेत, पण नावापुरते. दोन काळे ठिपके, तेही पारदर्शक खवल्याखाली झाकलेले. त्यांनी उजेड आहे की अंधार एवढं कळतं, आणि त्याला तेवढंच पुरतं. उजेड दिसला की खाली जायचं, एवढाच नियम.

मग अन्न कसं शोधायचं? वासाने. मुंग्या चालताना वासाची वाट मागे सोडतात, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. साखरेच्या डब्याकडे जाणारी रांग त्याच वाटेवरून येते. अमेरिकेतल्या टेक्सास भागात धागासापाचा एक चुलतभाऊ राहतो. तो मुंग्यांच्या त्या वासाच्या वाटेवरून थेट त्यांच्या घरापर्यंत जातो, असं प्रयोगात दिसलं आहे. आत शिरल्यावर मुंग्या चावायला लागल्या तर तो अंगातून एक द्रव सोडून स्वतःला माखून घेतो. त्या वासाने मुंग्या दूर राहतात.

याच टेक्सासच्या सापावर १९९९मध्ये नेथन क्ली आणि एलिझाबेथ ब्रेनर्ड या शास्त्रज्ञांनी एक गमतीदार गोष्ट प्रसिद्ध केली. त्यांनी सापाचं जेवण वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. या कुळातल्या सापांना दात फक्त खालच्या जबड्यात असतात. खालच्या जबड्याचे दोन भाग दोन फळ्यांच्या दारासारखे आत-बाहेर हलतात आणि प्रत्येक झपाट्याला अळी आत ओढली जाते. हे दार एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा हलतं! एवढी घाई कशाला? कारण जेवण चाललंय दुसऱ्याच्या घरात. मालक चावत आहेत. जितक्या लवकर खाऊन बाहेर पडता येईल तितकं बरं.

ही दातांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकच अंडं का?

आता आजच्या पाठातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मोठे साप एका वेळी वीस, तीस, कधी त्याहून जास्त अंडी घालतात. धागासाप मात्र एकच घालतो. तो कंजूष आहे म्हणून नव्हे, त्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही म्हणून.

समजा, आईकडे एकाच पोळीची कणीक आहे. तिने एक पोळी लाटली तर एकाचं पोट भरेल. त्याच कणकेच्या दोन केल्या तर दोन्ही पुरीएवढ्या होतील आणि पोट कोणाचंच भरणार नाही. सापाच्या मादीचंही असंच आहे. तिच्या शेवईएवढ्या शरीरात जागा आहे ती एका लांबट अंड्यापुरती. तिथे दोन अंडी बसवली तर पिल्लं अर्ध्या आकाराची होतील. एवढ्या लहान पिल्लाच्या तोंडात मावेल अशी अळी मिळणार कुठून? साप लहान झाला म्हणून मुंगीची अळी काही त्याच्यासाठी लहान होत नाही.

म्हणून सगळी कणीक एकाच पोळीला. अंड्यातून बाहेर येणारं पिल्लू आईच्या जवळपास निम्म्या लांबीचं असतं. मोठ्या सापांची पिल्लं आईच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी असतात. आईच्या तुलनेत पाहिलं तर जगातल्या सर्वांत छोट्या सापाचं बाळ चांगलंच मोठं भरतं! हेजेस यांचं म्हणणं असं की साप याहून फार लहान होऊच शकत नाही. ही जवळजवळ शेवटची पायरी आहे.

पण या हिशेबाची दुसरी बाजूही बघा. ज्या प्राण्याला एका वेळी वीस पिल्लं होतात, त्याची पंधरा मेली तरी पाच उरतात. ज्याला एकच होतं, त्याचं एक गेलं की सगळंच गेलं. शिवाय त्या एका अंड्यासाठीही नर आणि मादी एकमेकांना भेटावे लागतात. जंगल सलग असेल तर ते भेटतील. जंगलाचे तुकडे झाले तर?

जंगल कुठे गेलं?

बार्बाडोसवर इंग्रजांनी १६२७मध्ये वस्ती केली. सुरुवातीला तंबाखू, कापूस. १६४०च्या दशकात ऊस आला आणि बेटाचं रूपच पालटलं. युरोपात साखरेला सोन्यासारखा भाव होता. आफ्रिकेतून माणसं पकडून आणली, त्यांना गुलाम केलं आणि त्यांच्याकडून उसाचे मळे पिकवून घेतले. हा इतिहास तुम्ही पुढच्या इयत्तांमध्ये सविस्तर शिकाल. माणसांवर झालेला तो अन्याय फार मोठा होता.

त्याच काळात झाडंही तोडली गेली. जमीन उसासाठी हवी होती आणि रस उकळायला लाकूड हवं होतं. वस्ती सुरू होऊन ४० वर्षं होतात न होतात तोच बेटावरचं बहुतेक जंगल संपलं होतं. आज मूळ जंगलापैकी ९८ टक्के नाहीसं झालं आहे असं सांगतात. शंभरातली अठ्ठ्याण्णव झाडं गेली आणि दोन उरली, असं समजा. उरलेल्या तुकड्यांपैकी 'टर्नर्स हॉल वुड्स' हा एक. तो भरतो जेमतेम ५० एकर.

धागासाप ऊस खात नाही, झाडावर चढत नाही. मग झाडं गेल्याने त्याचं काय बिघडलं? मुलांनो, जंगल म्हणजे फक्त वर दिसणारी झाडं नव्हेत. झाडाची सावली असते म्हणून खालची माती ओलसर राहते. पानं गळतात, कुजतात, त्यात वाळवी आणि मुंग्या वाढतात. मुळांमुळे दगडांखाली पोकळ्या तयार होतात. धागासापाचं घर म्हणजे हे सगळं. वरचं छप्पर काढलं की उन्हाने खालची माती भाजून निघते. अशा मातीत शेवईएवढा साप किती वेळ टिकणार?

बेटावर बाहेरचे प्राणीही आले. जहाजांतून उंदीर आले, ते ऊस कुरतडू लागले. उंदरांचा बंदोबस्त करायला कॅरिबियन बेटांवर भारतातलं मुंगूस नेलं गेलं. १८७२मध्ये ते जमैकात सोडलं आणि काही वर्षांतच इतर बेटांवरही पोचलं, बार्बाडोसवरही. मुंगूस काही फक्त उंदरांवर थांबलं नाही. बार्बाडोसचा 'रेसर' नावाचा जमिनीवर फिरणारा साप आज नामशेष झाल्याचं मानलं जातं आणि त्याला मुंगूस जबाबदार असल्याचं सांगतात.

पण भारताकडून गेलेला पाहुणा फक्त मुंगूस नव्हता.

कुंडीतून आलेला पाहुणा

पावसाळ्यात मोरीत, नळाजवळच्या ओलाव्यात किंवा कुंडी हलवल्यावर एक काळपट, चमकदार, गांडुळासारखं वळवळणारं काहीतरी तुम्ही पाहिलं असेल. बोटाला गुंडाळता येईल एवढंच. बरोबर, तोच तो 'वाळा'. काही ठिकाणी त्याला आंधळा साप म्हणतात. इंग्रजीत त्याला 'फ्लॉवरपॉट स्नेक' असंही नाव आहे, म्हणजे कुंडीतला साप.

हे नाव त्याला उगाच नाही मिळालं. वाळा मूळचा आपल्या दक्षिण आशियातला. माणसाने रोपं एका देशातून दुसऱ्या देशात नेली, तेव्हा मुळांभोवतीच्या मातीत बसून हाही गेला. ना तिकीट, ना पासपोर्ट! आज अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर त्याची नोंद आहे. जगात सर्वांत जास्त पसरलेला साप हाच.

याचं रहस्य आणखी एका गोष्टीत आहे. वाळ्यात नर नसतोच. आजवर जेवढे वाळे तपासले गेले, त्या सगळ्या माद्याच निघाल्या. मादी नराशिवाय अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच जन्मतात. म्हणजे एका कुंडीत एक वाळा पोचला तरी पुरे. काही वर्षांत तिथे वाळ्यांची वस्ती उभी राहते.

आता दोन्ही सापांना शेजारी ठेवून बघा. दोघांची लांबी साधारण सारखी, दोघेही काळपट तपकिरी, दोघेही आंधळ्यासारखे, दोघेही मुंग्या-वाळवीच्या अंड्या-अळ्यांवर जगणारे, दोघेही बिनविषारी. दगड उलटला आणि खालून असं काही वळवळत पळालं, तर ओळखणार कसं?

शास्त्रज्ञ असे फरक सांगतात :

• धागासापाच्या पाठीवर फिकट रेघा असतात, वाळ्याला नसतात.
• धागासापाच्या शरीराभोवती खवल्यांच्या १४ ओळी असतात, वाळ्याच्या २०.
• धागासापाला दात फक्त खालच्या जबड्यात, तर वाळ्याला फक्त वरच्या जबड्यात.
• धागासापाला जोडीदार लागतो आणि अंडं एक. वाळ्याला जोडीदार लागत नाही आणि अंडी जास्त.

पहिले तीन फरक बघायला भिंग लागतं. चौथा फरक भिंगातूनही दिसत नाही, पण दोघांचं नशीब त्यानेच ठरवलं आहे. एकजण जग फिरून आला आणि दुसरा आपल्याच बेटावर हरवला.

२० मार्च २०२५ : मुळाखालचा दगड

बार्बाडोसचं पर्यावरण मंत्रालय आणि 'री-वाइल्ड' ही संस्था बेटावरच्या खास सरपटणाऱ्या प्राण्यांचा शोध घेत होती. त्यात धागासापही होता. या कामावर मंत्रालयाचे कॉनर ब्लेड्स आणि संस्थेचे जस्टिन स्प्रिंगर होते. एक वर्षाहून जास्त काळ शोध सुरू होता. काम काय? जंगलात जायचं, दगड उचलायचा, खाली बघायचं, दगड होता तसाच परत ठेवायचा. मग पुढचा दगड. दिवसेंदिवस हेच. हाती गांडुळं लागत, मुंग्या लागत, साप काही लागत नव्हता.

२० मार्च २०२५ला ते दोघे बेटाच्या मध्यभागातल्या जंगलात होते. एका झाडाच्या मुळाखाली अडकलेला दगड त्यांनी उलटला. गंमत म्हणजे त्याच क्षणी स्प्रिंगर सहज थट्टेने म्हणाले होते की मला इथे धागासापाचा वास येतोय! आणि खाली खरोखरच एक बारीकसा साप होता.

पण उड्या मारायची सोय नव्हती. वाळा असला तर? ब्लेड्स यांनी तो साप वेस्ट इंडीज विद्यापीठात नेला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. साप काही शांत बसेना. बशीत सारखा वळवळत होता, त्यामुळे खवले नीट दिसेनात. शेवटी त्यांनी व्हिडिओ काढला, तो थांबवला आणि स्थिर चित्र निरखून पाहिलं. पाठीवर फिकट पिवळसर रेघा होत्या. डोळे डोक्याच्या बाजूंना होते. धागासापच! तपासणी झाल्यावर त्याला पुन्हा जंगलात सोडून दिलं. जुलै २०२५मध्ये ही बातमी जगाला कळली.

यात शिकण्यासारखं काय आहे? मला सर्वांत आवडली ती त्यांची न केलेली घाई. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते समोर आलं, तरी 'सापडला!' म्हणण्याआधी त्यांनी खात्री केली. विज्ञान म्हणजे दुसरं काय असतं?

आनंदाच्या बातमीत एक काळजीही आहे. साप सापडला, पण सापडला तो एक. एका सापाने जात वाचत नाही. वाळ्याचा एक जीव उरला तरी त्याची वस्ती पुन्हा वाढेल. धागासापाला मात्र दुसरा धागासाप भेटावा लागेल, दोघांमध्ये उसाचं शेत, रस्ता किंवा घर नसावं लागेल आणि मग एक अंडं. म्हणून त्या बेटावर जे थोडं जंगल उरलं आहे, ते सांभाळणं हाच त्याला वाचवण्याचा खरा उपाय आहे.

आपल्या मोरीतला वाळा

आता थोडं आपल्याबद्दल. खरं सांगते, लहानपणी आमच्या घरी मोरीत वाळा निघाला की त्यावर कढत पाणी ओतायचे. मीही ओतलं आहे. 'विषारी सापाचं पिल्लू आहे, मोठं झालं की चावेल' असं मोठी माणसं सांगायची आणि आम्हाला ते खरं वाटायचं. पुढे शिकल्यावर कळलं की ते पिल्लू नव्हतं, पूर्ण वाढलेली मादी होती. तिचं तोंड इतकं लहान की तिला माणसाला चावताच येत नाही. इतक्या वर्षांनी त्या मोरीची आठवण झाली तरी मला वाईट वाटतं.

गेल्या पावसाळ्यात शाळेतल्या नळाजवळ वाळा निघाला. मुलींची आरडाओरड झाली. मावशी खराटा घेऊन धावल्या. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी थांबा ना, बाईंना विचारूया आधी हा कोण आहे ते." आम्ही लांबूनच निरखून पाहिलं. मग कागदाच्या पुठ्ठ्यावर अलगद घेऊन त्याला बागेतल्या ओल्या मातीत ठेवलं. दोन सेकंदांत तो जमिनीत दिसेनासा झाला. मावशी म्हणाल्या, "एवढासा जीव, आणि आपण केवढा गोंधळ घातला!"

त्या मुलीचा प्रश्न, 'हा कोण आहे?', तोच ब्लेड्स यांनी सूक्ष्मदर्शकापाशी विचारला होता. बार्बाडोसमध्ये एखाद्याने बागेतला वाळा समजून धागासापावर पाय दिला, तर जगातल्या मोजक्या उरलेल्यांपैकी एक जाईल. पाय देणाऱ्याला कळणारही नाही. ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही, त्याचं जाणंही आपल्याला कळत नाही.

आपल्याकडे वाळा दुर्मीळ नाही, हे खरं. पण तो वाळवी खातो, कोणालाही इजा करत नाही आणि तो मूळचा इथलाच आहे. त्याला मारायचं काही कारण नाही.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. कोणताही छोटा साप दिसला म्हणजे तो वाळाच, असं समजून हात लावू नका. मण्यार, घोणस यांची पिल्लंही लहान असतात आणि ती विषारी असतात. लांब उभं राहा, मोठ्या माणसांना बोलवा, गरज वाटली तर सर्पमित्रांना कळवा. थांबणं आणि ओळखणं यातच आपलीही सुरक्षितता आहे आणि सापाचीही.

थोडक्यात

१. बार्बाडोसचा धागासाप हा माहीत असलेल्या सापांत सर्वांत छोटा असून तो फक्त त्याच बेटावर आढळतो.
२. शरीर फार लहान असल्यामुळे मादी एकच अंडं घालते आणि पिल्लू आईच्या जवळपास निम्म्या लांबीचं असतं.
३. उसाच्या शेतीसाठी बेटावरचं जवळजवळ सगळं मूळ जंगल तोडलं गेलं.
४. आपल्याकडचा वाळा रोपांच्या मातीतून तिथे पोचला. दोघे दिसायला सारखे, पण वाळ्याला नराची गरज नाही.
५. मार्च २०२५मध्ये धागासाप जवळपास २० वर्षांनी पुन्हा सापडला.

विचार करा, लिहा

१. धागासापाची मादी दोन अंडी का घालत नाही? स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. झाडं तोडल्यावर जमिनीखालच्या प्राण्यांवर काय परिणाम होतो? तुमच्या परिसरातलं एक उदाहरण द्या.
३. 'एकटा वाळा वस्ती उभी करू शकतो, एकटा धागासाप नाही.' कारण लिहा.
४. उपक्रम : घराजवळच्या बागेत मोठ्या माणसांच्या सोबतीने एक छोटा दगड काठीने उलटा. खाली कोणकोणते जीव दिसतात त्यांची यादी करा. आणि हो, दगड होता तसाच परत ठेवायला विसरू नका. ते कोणाचं तरी घर आहे.

उत्तरं वहीत लिहून वर्गात दाखवा. दगडाखाली काय काय सापडलं ते मला नक्की सांगा. भेटूया पुढच्या पाठात!